खांद्यातली तार

मी मूळची देवगडकडची, लग्न होऊन चारकोपला आले आणि सासूने हाताला धरून बाळंतिणीचं मालीश शिकवलं, तेव्हापासून काय सांगू तुम्हाला, किती पोरं ह्या पायांवर घेऊन न्हाऊ घातली त्याची मोजदादच नाही.

नऊ-दहा वर्षांमागे उजवा खांदा धरला. धरला म्हणजे काय, आधी हात वर जाईना, मग ब्लाऊजची बाही चढेना, केस विंचरायला मुलीला हाक मारायची. गोळ्या झाल्या, शेक झाला, इंजेक्शनं झाली, एक्सरेच्या फोटोत काही दिसेना. फोटोत दिसेना म्हटल्यावर आमचे हे चारचौघांत म्हणायला लागले, काम नको म्हणून सोंग करते. ऐकून ऐकून मीच मला विचारायचे, खरंच दुखतंय ना गं?

मग एक दिवस बोरीवलीला एका घरी बाळाला आंघोळ घालताना अशी कळ आली की हातच सुटला. बाळ घसरलं. त्याच्या आईने वरच्या वर झेललं म्हणून, नाहीतर, नको, बोलवत नाही. बाळाला काही झालं नाही, पण मी तिथून निघाले ती जिन्यातच बसले. त्या दिवसापासून बाळ हातात घेतलं नाही.

मुलीने मग नुसत्या दुखण्यावरच उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, ह्यांनाही ओढून नेलं. बाई म्हणाल्या, नसेजवळ केसासारखी बारीक तार सुईने घालू, बाहेर विजेचे बारीक झटके देणारी छोटी डबी चिकटवू, दोन महिन्यांनी काढू, गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. मी म्हटलं, घाला. जागा बधिर करून तार घातली, डबी चालू केली, आणि माझा खांदा आपोआप टपटप उडायला लागला हो. मी घाबरून दुसऱ्या हाताने दाबूनच धरला. हे विचारतात, ही मुद्दाम करतेय काय? बाई म्हणाल्या, नाही काका, नस करतेय, आणि दुखत होतं तेही खरंच, सगळं दुखणं फोटोत दिसत नाही.

  घरी आल्यावर हे चपला न काढताच म्हणाले, गो, आठ वर्सां मी तुका खोटी समजत होतंय.

तारेने बसला नाही एवढा धक्का मला त्या बोलण्याने बसला. मला वाटायचं, रागात बोलतात, मनातून ठाऊक असेल. एका खोलीत राहून ह्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

आता तार काढून वर्ष झालं. ढगाळ हवेत खांदा अजून ठणकतो, पण केस माझे मी विंचरते, बाळंतिणीचे पाय तेवढे चोळते. हे रोज विचारतात, दुखता काय गो? मी नाही म्हणते आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहते, पटलं की नाही ते. चालायचं. तुमचं दुखणं तुमच्या माणसाला न सांगता कळू दे, एवढंच म्हणते मी.