नळीवरचा अंगठा

मी मूळचा नेकनूरचा. नाव सुदाम, पन ह्या पट्ट्यात सुदाम म्हनलं तर कोन वळखायचं न्हाई, इंजनवाला म्हना, लगेच वाट दाखवतील. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहायचा. आजोबाच्या टायमाला आमी बौद्ध झालो, तवापासून घरात एकच बोलनं, शिकायचं आन् कुनाच्या दारात राबायला जायचं न्हाई. मी सातवीतच शाळा सोडली, ते बापाला लई लागलं. म्हनला, मग हातात हुन्नर तरी घे. मावशीचा नवरा हैदराबादला होता, त्याच्या वळखीनं मी तिथं एका गॅरेजात लागलो.

तिथं रहीमचाचा म्हनून उस्ताद होते, जुन्या पेट्रोल गाड्यांचे. काय सांगू ताई तुमाला, सहा महिने त्यांनी मला पाना-पकडीला हात लावू दिला न्हाई. पहले सुन, म्हनायचे, हाथ बाद में लगा. मी आपला गाडीशेजारी बसायचो आन् ऐकायचो. ह्या आवाजात काय, त्या आवाजात काय. मला वाटायचं म्हातारा चेष्टा करतो. मग एक दिवस कळाय लागलं, जसं आपल्या लेकराचं रडनं आपल्याला कळतं, भुकेचं कोनतं आन् दुखन्याचं कोनतं, तसं.

पुढं लगीन झालं, कमल घरात आली, आन् मी नेकनूरला येऊन पत्र्याचं शेड टाकलं. मोटरसायकली, पंप, येईल ते. बरं चाललतं. आन् मग दादासाहेबांची गाडी आली.

दादासाहेब म्हंजी इकडचे मोठे पुढारी, त्यांच्या शाळा, कॉलेज, नांदूरघाटच्या पुढं मळा. त्यांच्याकडं एक अमेरिकेची गाडी, दोन दाराची, नाक हे एवढं लांब, आठ सिलिंडरची. कोन्या नवाबाच्या घरची घेतलती. ती रस्त्याला लागली की वाघ, पन उभी केली की थरथरायची. स्लो धरायची न्हाई, म्हंजी उभ्या जागी सावकाश चालायची न्हाई, आत बसलं की दात वाजायचे, आन् सिग्नलला नुसती बंद. बीडचे मिस्त्री झाले, लातूरचे झाले. कुनी प्लग बदलले, कुनी पॉइंट घासले, कार्बोरेटर तर चारदा खोलला. मला बोलवायला माणूस धाडला तवा सगळे हात टेकून बसलते.

मी गेलो, चालू केली, आन् ऐकत बसलो. दादासाहेब म्हनले, हा काय करतोय बे, झोपला का? मी म्हनलं, थांबा जरा. एकेका प्लगची वायर काढून बघितली, आठी सिलिंडर कामाचे. मग हा फरक फक्त उभ्या गाडीतच कावून? वेगात जे झाकतं आन् उभ्यात जे उघडं पडतं, ते म्हंजी हवा. कार्बोरेटरखालून सगळ्या सिलिंडरला वाटा जातात, त्या जोडातून चोरून हवा आत जात असली तर असं होतं. ऑइलची बुधली घेतली आन् त्या जोडावर थेंब थेंब सोडत गेलो. मागच्या कोपऱ्यात थेंब पडला, गप्पकन आत ओढला गेला, आन् गाडी घडीभर शांत झाली. तिथलं गॅस्किट, म्हंजी जोडातली पट्टी, फाटलतं. नवं कापून बसवलं. बॉनेटवर पानी भरलेला गिलास ठेवला, पानी हललं न्हाई.

दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हनले, आता तू कुठं जायचं न्हाई. मला तवा ते कौतुक वाटलं, ताई.

त्याला सतरा वर्षं झाली. मळ्यावर गाडीच्या शेडला लागून खोली दिली. आठवड्याला एकदा घरी. पुढं माझ्या पोराला, राहुलला, मोठा झाल्यावर त्यांच्याच कॉलेजात चिकटवलं, प्रयोगशाळेत. पन कायम केला न्हाई. पुढच्या जूनला ऑर्डर काढू, म्हनायचे. कितीतरी जून गेले. पोरानं त्याच भरवशावर लगीन केलं, आता त्याला दोन लेकरं. मी सोडून गेलो तर ती सही कोन करनार? हे कुनी बोलून दाखवत न्हाई, पन मला ठाव हाय आन् त्यांनाबी ठाव हाय.

गेल्या साली कमलच्या गुडघ्यांनी जवाब दिला. पोरगी पुन्यात नर्स हाय, ती म्हनली, बाबा, दोघंबी या, आईला मी बघते, तुमी आता बास करा. त्याच आठवड्यात गाडी परत थरथरायला लागली. मी बॉनेट उघडलं. पाठीमागं बोटाएवढी रबरी नळी असती, ती चिरलती, तिथून हवा चोरून आत जात होती. मी चिरेवर अंगठा ठेवला, गाडी शांत. काढला, थरथर. ठेवला, शांत. लई वेळ तसाच उभा होतो. पाच मिन्टाचं काम होतं.

आन् मी दादासाहेबांपाशी जाऊन म्हनलं, इंजन गेलं. आतून गेलं, पार्ट मिळायचे न्हाईत. जल्मात पहिल्यांदा मी इंजनाबद्दल खोटं बोललो. ते म्हनले, तू म्हनतोस म्हंजी खरंच असनार. गाडीवर कापड टाका. मी म्हनलं, मग मी निघू का आता? तर म्हनले, कुठं? मळ्यावर सात पंप हायेत, ते बघ.

चार दिवसांनी त्यांच्या लेकानं पुन्याचा एक जुन्या गाड्या घेनारा माणूस बोलावला. तो मिस्त्री घेऊन येनार होता. कोनताबी शहाना मिस्त्री ती नळी बघनार, आन् मी खोटा ठरनार, माझ्या मागं राहुलची नोकरीबी जानार. ते यायच्या दिशी सकाळीच नळी बदलली. ते लोक आले तवा गाडी मांजरीवानी गुरगुरत होती. दादासाहेबांच्या डोळ्यात पानी आलं. सगळ्यांसमोर म्हनले, मेलेलं इंजन उठवलं ह्यानं, असा माणूस सोनं दिलं तरी सोडायचा न्हाई. गाडी काय विकली न्हाई.

तो पुन्याचा माणूस जाताना बाजूला घेऊन म्हनला, मामा, माझ्याकडं या, राहायला जागा देतो, अकरा गाड्या हायेत. पुन्यात. पोरीपासून किती लांब असंल? त्यानं दिलेला कागद मी खिशात ठेवला. संध्याकाळी दादासाहेबांना ऑर्डरचं इचारलं. म्हनले, जून येऊ दे.

कमलला मी पोरीकडं नेऊन सोडलं. ती बसताना म्हनली, तुमी कवा येनार? मी म्हनलं, जूननंतर. ती हसली न्हाई आन् चिडलीबी न्हाई, नुसती माझ्या शर्टाची गुंडी लावली. राहुलला एकदा ते नळीचं सांगितलं. म्हनला, बाबा, जा तुमी, माझं मी बघंन. पन बोलताना धाकटी त्याच्या कडेवर होती, मी तिच्याकडं बघितलं आन् ठरवलं, जायचं न्हाई.

आता रोज सकाळी गाडी चालू करतो. दादासाहेब थकलेत, त्यांना कुठं जायचं नसतं, शेजारी खुर्ची टाकून नुसते ऐकत बसतात. मीबी बसतो. कमलचा फोन आला की म्हनतो, बरा हाय. तुमी एवढ्या लांबून आल्या, ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो, लेकरंबाळं चांगली राहू द्या. बाकी काय? गाडीत कायबी दोष न्हाई बघा. मी रोज ऐकतो, अजून तरी काय घावत न्हाई.