तुळईचं झाड

(जंगलाच्या नव्या लोखंडी फाटकाशी. भावाच्या अंगावर कंपनीच्या रखवालदाराचा गणवेश, बहिणीच्या खांद्यावर करवत.)

बहीण : बाजूला हो म्हटलं ना!

भाऊ : करवत आत न्यायची नाही, ताई. सभेत तुम्हीच हात वर केले होते.

बहीण : जंगल राखायचं का, असं विचारलं तुझ्या कंपनीवाल्यांनी. आपण राखतच आलो, मग हात वर करणार नाही तर काय! घराची तुळई तडकली तरी झाड घेऊ नका, असं कुठं विचारलं होतं?

भाऊ : तुळई तडकली?

बहीण : टेकू लावलाय. आईची खाट दाराशी ओढलीय. तुला कसं कळणार? तुझ्या डोक्यावर कंपनीचा स्लॅब!

भाऊ : तोंड सांभाळ. आईची औषधं कुणाच्या पगारातून येतात?

बहीण : वा! औषध पाजून छपराखाली चिरडायची का तिला? घरटी एका पिढीला एक झाड, ही आपली रीत. बाबांनी आपलं झाड राखून ठेवलं. गाठ पडू नये म्हणून दरवर्षी फांद्या छाटायला तूच चढायचास ना? मग? आता का अडवतोस?

भाऊ : त्या झाडावर कंपनीनं रंगाचा पट्टा मारलाय.

बहीण : कुणी?

भाऊ : कंपनीचे मोजणीवाले म्हणाले, तुमचं सगळ्यात चांगलं झाड दाखव. तसं सरळसोट झाड उभ्या रानात नाही, ताई. साहेबानं फोटो काढला. मला इतकं बरं वाटलं...

बहीण : शाबास रे घरभेद्या!

भाऊ : मला काय ठाऊक, ते हिशेबात धरतील! झाडं धूर शोषतात म्हणे, म्हणून परदेशातल्या कारखान्यांचा धूर या झाडांच्या नावावर खपवतात. आता आपल्या मुलांची लग्नं होईपर्यंत हात लावायचा नाही.

बहीण : म्हणजे धूर त्यांनी सोडायचा, आणि छप्पर आमचं पडायचं.

भाऊ : तू कापलंस तर तुझं नाव मलाच द्यावं लागेल.

बहीण : देशीलही. तुझा काय भरवसा!

भाऊ : लोखंडी खांब आणून देतो. पण आता घरी जा. हात जोडतो.

बहीण : तुझा खांब तुझ्या स्लॅबला लाव. आणि ही करवतही ठेव. बाबांची आहे, मला आता काय कामाची?

भाऊ : ताई... आईला काय सांगशील?

बहीण : सांगेन, झाड छान भरलंय. तुझ्या लेकानं स्वतः कंपनीला मोजून दिलंय.