तांदळातलं नाव

— नाई नाई, त्या खुर्चीवर नका बसू भाऊ, तिचा पाय हलते, हा स्टूल घ्या. आणि आधी या कॅमेऱ्यांच्या मशीनचा आवाज ऐका, मी सांगून समजणार नाई — पंखे घूं करून फिरतात, कंपनीचं चित्र येते, मंग काळं, आणि पुन्हा घूं. दारापर्यंत येऊन काहीतरी विसरलं म्हणून परत आत जाणाऱ्या माणसासारखं. सकाळपासून हेच चालू आहे. यांनी अपडेट मारला — फर्मवेअर का काय ते, त्याच्याशिवाय कॅमेरे अटकतात म्हणे — आणि मशीन उठायच्या आतच हे निघून गेले अमरावती रोडनं, तिकडच्या ढाब्यावरचा कॅमेरा कोण्या ट्रकवाल्यानं तोडला म्हणून. हे म्हणजे — नाव नाई घेत मी, बाहेर बोर्डावर वाचलं असन तुम्ही, ‘नयन सिक्युरिटी’. आईबापानं पाळण्यातच धंदा ठरवून ठेवला होता. कारंज्यातले अर्धे ढाबे, गोदामं, सगळ्यांचे कॅमेरे या एका खोलीत येतात. आणि घरचे बी. तुम्हाले फोनवर काय म्हटलं यांनी? काम झालं का चालू स्क्रीनचा फोटो टाकजा — हो, तसंच म्हणतात ते सगळ्यांले. पण भाऊ, फोटो टाकायच्या आधी मले सांगजा. विसरू नका. एवढंच.

लई बोलून राह्यली ना मी? तुम्ही हसले, पाह्यलं मी. पण गावात विचारा कोणालेबी — नयनची बायको बोलत नाई. माझ्या सासूबाई, मंदाबाई, देवळातल्या बायांले कौतुकानं सांगतात, आमची सून म्हणजे भिंत आहे. आता भिंत काऊन बोलन जी? वर पाहा, घड्याळाच्या बाजूले — तो कॅमेरा पाहतेबी, ऐकतेबी, आणि यांच्या आवाजात बोलतेबी. असा एक स्वयंपाकघरात आहे, एक पडवीत, एक झोपायच्या खोलीत. चोरांसाठी, म्हणतात. झोपायच्या खोलीत चोर येऊन गप्पा मारत बसते का, ते मी विचारलं नाई. नवीन आली होती तेव्हा आईले फोनवर म्हटलं होतं, इथलं वरण फिकं असते. जेवताना यांनी मिठाचा डबा माझ्यापुढं सरकवला. फक्त हसले. तेव्हापासून मी आईशी पाऊसपाण्याचं बोलते. आज कॅमेऱ्याचा लाल डोळा बंद आहे, नात्यातल्या पोरीचं लग्न जुळलं तं सासू-सासरे आर्वीले साक्षगंधात गेले, तुम्ही वर्ध्याहून येईपर्यंत मी या खोलीत एकटीच मोठ्यानं बोलून पाह्यलं — आपलाच आवाज, पण वळून पाह्यलं मी, का कोण बोललं म्हणून.

हा गोल सेल काऊन काढला? ब्लाऊजच्या बटनाएवढा — घड्याळ चालते त्याच्यावर? बरं. बरं, मले एक सांगा, बाहेरचं गेट तुम्ही हातानं लोटलं ना? सरकलं? रोज नाई सरकत. ते यांच्या मोबाइलवरून सरकते, याच मशीनमधून. दूधवाला आला, यांले फोन. भाजीवाली आली, यांले फोन — म्हणे सुरक्षा. सकाळी झाडता झाडता सहज हात लागला तं गेट सरकलं. एवढं, हातभर. समोर रस्ता. एक कुत्रं बसून होतं, त्यानंबी पाह्यलं माझ्याकडं. मले भीतीच वाटली भाऊ — मी होतं तसं लावून दिलं. काऊन लावलं? … नाई, मी कुठं म्हटलं जायचं आहे म्हणून? ती पिशवी? ती धुवायच्या कपड्यांची आहे. चप्पल — चप्पल पिशवीत नसते ठेवत, ते मलेबी समजते.

सापडलं? म्हणजे बिघडलं नाई? पुन्हा सांगा, हळू — डिस्क जागेवर आहे, आतलं सगळं जसंच्या तसं आहे, फक्त अपडेटनं सेटिंगा कोऱ्या केल्या, आणि उठल्यावर कुठं पाहायचं तेच मशीन विसरली. तेवढं तुम्ही पुन्हा तिले सांगून द्यान का ती उठन. हसू नका, पण हे मले एकदम समजलं. माझाबी झाला आहे ना अपडेट. लग्न लागून घरात आली, ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं नाव लिहिलं — मेघा. सगळ्यांनी वाचलं, पेढे वाटले, आणि रोहण्याची जया, भाजीपाल्याच्या वावरात वाढलेली, बीए झालेली, ती गेली त्या तांदळाखाली. बाबांनी विचारलं होतं हो, मेघाच काऊन? तं सासरे, पुंडलिकराव, म्हणाले — आमच्या घराले त्या नावाची सवय आहे. सगळे हसले. मीबी हसली. कोण्या आत्याचं असन, म्हटलं.

थांबा, चालू करायच्या आधी — ती निळी वायर, नेटवाली, काढून ठेवता येते का? इथल्या इथं पाहू आधी. मंग लावा. तुम्हाले काय फरक पडते, भाऊ? … हां. उपकार झाले.

आलं. चित्र आलं. गेलं नाई या वेळी. काय तुमच्या हाताले यश आहे — तुमचं गाव वर्ध्याजवळचं बोरगाव मेघे ना, तिथल्या पाण्याचा गुण असन. उघडा ना, यादी पाहू. गेट. अंगण. स्वयंपाकघर. मेघा खोली — पाहा, माझ्या खोलीले नावबी देऊन ठेवलं. आणि त्याच्या बाजूची ही तारीख? चुकली असन, सेल काढला होता ना तुम्ही. नाई? ज्या दिवशी फाईल बनली त्या दिवशीचीच असते? पण भाऊ, तेव्हा तं मी आर्वीच्या कॉलेजात होती. यांचं स्थळबी आलं नव्हतं. नक्की पाहा ना एकदा. … नक्की.

पाणी नको. तुम्ही प्या. — हे पाहा, लपवलं नाई कोणी. यांची पहिली होती, बाबांले सांगितलं होतं. पटलं नाई, माहेरी निघून गेली, सोडचिठ्ठी झाली, विषय संपला. नाव काय होतं, आम्ही विचारलं नाई, यांनी सांगितलं नाई. ‘पहिली’ — एवढंच नाव होतं तिचं. आणि मले वाटे, सासूबाई हाक मारतात आणि माझ्या मागं पाहतात, तं डोळ्याचा नंबर वाढला असन. खोलीचं नाव बदललं नाई, हाक मारायची सवय बदलली नाई. बाई तेवढी बदलली.

ती फाईल कोणती, कुलपाचं चिन्ह आहे ती? बाकीचं महिनाभरात आपोआप पुसल्या जाते, आणि ही कोणी हातानं ठेवली म्हणून राह्यली? कोणी म्हणजे काय भाऊ, या खोलीची चाबी एकाच माणसाजवळ असते, आज तुमच्यासाठी तेवढी उघडी ठेवून गेले. लावा. लावा ना. ती माहेरी पोचली असन, तं मीबी पोचन — मले एवढंच पाहायचं आहे, दुसरं काही नाई.

हे आपलंच गेट आहे. दुपार आहे, सावली पाहा कुठं पडली ती. ही — हीच असन. लहान आहे हो. माझ्याच वयाची. हातात पिशवी आहे. गेटले हात लावून राह्यली… नाई सरकत. रोजच्यासारखं. वाकून खालून पाहून राह्यली. आता कॅमेऱ्याकडं पाह्यलं तिनं — आपल्याकडंच पाह्यलं. काहीतरी म्हणून राह्यली. आवाज वाढवा. नाई आवाज? तोंड तं हलते. ‘उघडा’ म्हणते ती, भाऊ. उघडा ना जी, म्हणते. मंग बसली. तिथंच, भुईवर, पिशवी मांडीवर घेऊन… आता उठली. चप्पल काढली, गेटजवळ ठेवली, अनवाणी मागं फिरली घराकडं. जसं कोणी आतून हाक मारली. — पुढं? पुढची लावा. पुढची नाई? इथंच संपते? मंग ती गेली कोणत्या गेटनं?

ती चप्पल, भाऊ, पडवीतल्या फळीवर आहे. निळ्या पट्ट्याची. मी नवीन आली तेव्हा सासूबाईंनी मले दिली. बरोबर बसन, म्हणाल्या. बरोबर बसली.

मी निघते. आताच. तुम्ही तुमच्या गाडीवर मले फक्त हायवेपर्यंत सोडा, नाई सोडलं तरी चालन, मी चालत जाईन, गेट उघडंच आहे, तुम्ही लोटलं तसंच — तुम्ही काय करून राह्यले? मोबाइल कोणाले लावला? फोटो टाकला? मले सांगणार होते ना तुम्ही — सवयीनं? काम झालं का हात आपोआप जाते? बरं, फोटोच टाकला ना, नुसत्या फोटोनं गेट थोडीच… या नेटच्या डबीचे हिरवे दिवे काऊन लुकलुकून राह्यले, भाऊ? ती निळी वायर कोणी लावली?

ऐका. गेट सरकून राह्यलं. कर्रर्र करते शेवटी, तेल नाई त्याले. लागलं.

वर पाहू नका. लाल झाला असन. — हो, बाकी सगळं ठीक आहे भाऊ, चहा ठेवला असता पण दूध नासलं. तुमचं काम झालं असन तं निघा. घाबरू नका, हे पाहतीन तिकडून, तुम्ही गेटसमोर उभे राह्यले का उघडन. तुमच्यापुरतं उघडते ते. पिशवी राहू द्या, धुवायचे कपडे आहेत. जा. जा ना जी.

— हो जी. ऐकू येते. कोणी नाई, इंजिनिअर भाऊ निघून राह्यले. नाई जी, मी कुठं बोलली.

हो. मेघाच आहे. इथंच आहे.