काळोखातला दुसरा अंक

सुतार : म्हणजे तू खिडकीपर्यंत गेलीस, त्या माणसाने पैसे पुढे केले, आणि तू हात मागे घेतलास?

बायको : हो.

सुतार : तुझ्या नऊ दिवसांच्या इस्त्रीचे पैसे.

बायको : साडेनऊ. मीच उभी असते तिथे, मला ठाऊक आहे.

बाबा : अरे, तिला चपला तरी काढू दे. सूनबाई, बस. पाणी घे. आणि पहिल्यापासून सांग. दिवे गेले कधी?

सुतार : बाबा, दिव्यांचं राहू द्या. अर्ध्या नाटकात वीज जाते, थेटरवाले स्वतःहून म्हणतात पैसे परत घ्या, लोक रांग लावून घेतात. आणि आमच्या घरातली एकटी दानशूर.

बायको : मीपण रांगेत उभी होते. अर्धा तास.

सुतार : मग?

बायको : सांगते ना. असं मध्येच तोडलंत तर काय सांगू?

बाबा : तू माझ्याकडे बघून सांग. जागा कुठे मिळाली?

बायको : बाल्कनीत, शेवटची रांग. वर पाहिलं तर छत हाताला लागेल असं. खाली रंगमंच एवढासा, काडेपेटीएवढा. पण बाबा, पडदा वर गेला आणि पहिला माणूस आला ना, मी जागच्या जागी अर्धी उठलेच. तपकिरी ओव्हरकोट! डाव्या खांद्याला विरलेला. गेली चार वर्षं दर सोमवारी तो कोट माझ्या टेबलावर येतो.

बाबा : लाँड्रीतला? तू सांगतेस तो, कॉलरला तोंडाचा रंग लागलेला?

बायको : तोच. मी त्या कॉलरला किती शिव्या घातल्यात. वाटायचं, हा कुणी घामट, गबाळा माणूस असणार. आणि तो कोट चालत आला, बाबा. त्याच्यात माणूस होता. घर सोडून जाणारा धाकटा मुलगा होता तो. त्याने खुर्चीवर कोट टाकला तर मला वाटलं, अरे, चुरगळेल! आणि पुढच्या क्षणी विसरूनच गेले की मी त्याला इस्त्री केली होती. माझा राहिलाच नाही तो कोट.

सुतार : कोट बघायला नऊ दिवसांची मजुरी.

बायको : साडेनऊ म्हटलं ना.

बाबा : तू गप रे. नाटक कशाचं होतं?

बायको : एक आई आहे, शाळेतून निवृत्त झालेली. करारी. थोरला मुलगा तिच्याजवळ राहतो, सगळं करतो, पण घरात हसणं नाही. धाकटा भांडून निघून गेलेला. पहिल्या अंकात ते भांडणच दाखवतात. आई म्हणते, या दारातून गेलास तर हे दार तुला नाही. आणि तो जातो. मध्यंतर. दुसऱ्या अंकात दहा वर्षं लोटलीत. थोरला आणि आई जेवायला बसलेत, एक शब्द नाही, नुसते चमचे वाजताहेत. आणि दिवे गेले.

बाबा : सगळे?

बायको : दारांवरचे लाल तेवढे मिणमिणत होते, ते मागे. समोर नुसता काळोख. लोक आधी हसले. मग चुळबूळ. कुणी फोनचा दिवा लावला, मग दुसऱ्याने, बघता बघता शंभर दिवे, ते आमच्याच डोळ्यांवर. एक बॅटरीवाला ओरडला, घाबरू नका, बाहेर या. खुर्च्या धाडधाड मिटायला लागल्या. तेवढ्यात रंगमंचावरून त्या बाई बोलल्या. आईचं काम करणाऱ्या. मोठ्याने नाही हं. म्हणाल्या, "बसता का? आम्हांला वाक्यं पाठ आहेत."

बाबा : वा!

बायको : "आणि ते दिवे बंद करा," म्हणाल्या, "डोळे दिपतात आमचे." आणि बंद झाले, बाबा! एकेक करत. आठशे माणसं. शेवटचा दिवा कुणाचा तरी खालच्या रांगेत राहिला होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. तो विझला. मग समोर असा काळोख की रंगमंच कुठे आहे तेही दिसेना. आणि चमचे वाजायला लागले.

सुतार : चमचे?

बायको : जिथे थांबलं होतं तिथून. आई आणि थोरला जेवायला लागले.

सुतार : काळोखात.

बायको : काळोखात. पाऊण तास.

सुतार : आणि लोक बसले?

बायको : काही गेले. पण बाकीचे... अहो, मी सांगू शकत नाही. तुम्ही कधी आठशे माणसं गप्प बसलेली ऐकलीत? कुणाला खोकला आला तर तो तोंडात रुमाल कोंबायचा. शेजारच्या बाईंचा श्वास मला ऐकू येत होता, आणि त्यांना माझा. त्यांनी दुर्बीण आणली होती हो, लहानशी, मोत्यांसारख्या दांडीची. पहिल्या अंकात मला एकदा देतील का असं वाटत होतं. आता ती मांडीवर पडलेली. त्या कुजबुजल्या, "आत्ता कोण उठलं?" मी म्हटलं, थोरला.

बाबा : तुला कसं कळलं?

बायको : सदरा वाजला ना त्याचा. खळीचा सदरा आहे, मीच देते खळ. त्यांच्याकडून चिठ्ठी येते, "पुठ्ठ्यासारखा हवा". मला वाटायचं, काय हौस. आता कळलं, तो माणूसच तसा आहे, कडक घडीचा. बसला की पाठीवर खर्र होतं. आई उठली की काहीच नाही, तिची शाल रेशमी, फक्त चालताना जमिनीला झालर घासते. आणि मग, बाबा, मला कोट ऐकू आला.

बाबा : धाकट्याचा?

बायको : कुणी अजून दार वाजवलंही नव्हतं. रंगमंचाच्या पार उजव्या कोपऱ्यात, दाराबाहेर. त्याचं अस्तर फाटलं होतं, गेल्या महिन्यात मी नवं घातलं. स्वस्तातलं, कडक. सळसळतं ते. मी त्या बाईंचा हात धरला, ओळख ना पाळख. म्हटलं, "तो आलाय. दाराबाहेर उभा आहे." त्यांनी पलीकडच्या माणसाला सांगितलं. त्याने पुढच्याला. आमच्या रांगेला सगळ्यांच्या आधी कळलं होतं की धाकटा परत आलाय. आणि आत ती आई म्हणत होती, भात उरलाय थोडा, कुणाला द्यायचा.

बाबा : अरे देवा.

बायको : मग त्याने दार वाजवलं. तेव्हा अख्खं थेटर दचकलं. आम्ही नाही. आम्ही रडत होतो.

सुतार : ...बरं. असेल. चांगलं झालं असेल. पण पैसे का नाही घेतलेस?

बायको : शेवटी व्यवस्थापक आले, बॅटरी तोंडावर धरून. माफी मागितली, खिडकीवर पूर्ण पैसे परत मिळतील म्हणाले. मी तडक जाऊन रांगेत उभी राहिले.

सुतार : शहाण्यासारखी.

बायको : कारण माझ्या डोक्यात बाबा होते. तेवढ्याच पैशांत पुढच्या रविवारी बाबांचं तिकीट आलं असतं.

सुतार : मी तेच म्हणणार होतो! तीस वर्षं या माणसाने बस चालवली. त्या थेटरच्या दारात रोज बस थांबवली. नटूनथटून लोक उतरायचे, हे मागच्या आरशात बघायचे. एकदाही आत पाऊल टाकलं नाही. आपण तिघांचे पैसे साठवत होतो, तोवर दर वाढले, तिघांच्या जागी एकीचं तिकीट आलं. तेही यांनी तुला दिलं, त्या नाटकवाल्यांचे कपडे तूच धुतेस म्हणून. आणि यांचं तिकीट तुझ्या हातात परत येत होतं!

बायको : मला माहीत आहे हो. मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हांला?

बाबा : मी काही मागितलंय का? तिला बोलू दे.

बायको : खिडकीवर एक वही होती. पैसे घ्यायचे तर त्यात सही करायची. वर छापील ओळ, "प्रयोग झाला नाही, सबब रक्कम परत मिळाली." खाली सह्याच सह्या. त्याने पेन दिलं. मी टेकवलंसुद्धा. आणि ती ओळ परत वाचली. प्रयोग झाला नाही.

सुतार : कागदावरची ओळ गं. अशा ओळी कुणी वाचत नाही.

बायको : मी वाचली. झाला नाही असं कसं लिहू? त्या बाई काळोखात चमचा वाजवत होत्या, पाऊण तास, कुणी बघत नसताना. हात खरंच तोंडाशी नेत असतील, मला खात्री आहे. त्यांचं जेवण झालं नाही असं माझ्या सहीने लिहू? मी म्हटलं, मी पाहिलंय नाटक. त्याला वाटलं, मला कमी ऐकू येतं. परत समजावलं. मी म्हटलं, महाग आहे तुमचं तिकीट, भयंकर महाग आहे. आमच्या रांगेत सात खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि माझी दोन माणसं घरी बसलीत. हे लिहायला तुमच्याकडे वही आहे का? तिथे करते सही.

बाबा : असं म्हणालीस?

बायको : आवाज चढला माझा. मागची माणसं बघायला लागली.

सुतार : तो काय म्हणाला?

बायको : आधी पेनाला टोपण घातलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं तिकिटं विकतोय, आमच्या घरचं अजून कुणी आलेलं नाही."

सुतार : हं.

बायको : चिडलात?

सुतार : चिडून काय करू? मला तुझ्यावर चिडायचं होतं, तू त्याचीही सोय ठेवली नाहीस.

बाबा : सूनबाई, माझ्या तिकिटाचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मला एवढंच सांग, त्या पोराने दार वाजवलं, मग? उघडलं तिने?

बायको : तेच तर कुणालाच कळलं नाही, बाबा.

बाबा : म्हणजे काय?

बायको : तो दार वाजवतो. थोरला उठतो, सदरा वाजतो. आई म्हणते, "तू बस." मग झालर घासत जाते दारापर्यंत. थांबते. मग कडीचा आवाज. आणि संपलं. उजेड असता तर दिसलं असतं, कडी काढली की आणखी घट्ट लावली. आम्हांला नुसता आवाज.

सुतार : कोटाचं अस्तर वाजलं असेल ना, आत आला असेल तर?

बायको : टाळ्या सुरू झाल्या हो. सगळे उभे राहिले. मी कान टवकारून होते, पण त्या टाळ्यांत काय ऐकू येणार? जिन्यावरून उतरताना सगळा लोंढा तेच भांडत होता. दुर्बीणवाल्या बाई म्हणाल्या, लावली. त्यांचा नवरा म्हणाला, काढली.

सुतार : लोकांना काय कळतंय कड्यांमधलं? कसली कडी होती? साखळीची की सरकती?

बायको : सरकती. आपल्या दारासारखी.

सुतार : मग कळायला पाहिजे. लावताना दांडा भोकात शिरतो, शेवटचा आवाज दबका. काढताना दांडा मागे येऊन लोखंडावर टेकतो, तो मोकळा. एवढी दारं बसवली मी, डोळे बांधून सांगेन. कसा आवाज होता?

बायको : तोंडाने कसा काढू?

सुतार : तोंडाने कशाला? हे आहे ना दार. जशी ऐकलीस तशी ओढ. बाबा, जरा तो पंखा बंद करा.

(पंखा थांबतो. ती दाराशी जाते. कडी थोडी करकरते, थांबते. बऱ्याच वेळाने पुन्हा करकरते आणि टेकते.)

बाबा : कडी गंजली होती का तिची, मध्ये अडकायला?

बायको : नाही. अडकली नव्हती. थांबली होती.

सुतार : मध्ये एवढा वेळ?

बायको : याहून जास्त.

सुतार : आणि शेवटचा आवाज? दबका की मोकळा?

बायको : ते मला आता नक्की नाही सांगता येत. तेव्हा माझा सगळा कान कोटाच्या अस्तराकडे होता. तुम्हीच सांगा.

सुतार : पुन्हा एकदा ओढ. थांबलीस तिथे थांब.

बायको : अशी?

सुतार : हं. ...काढली तिने.

बाबा : आवाजावरून सांगतोस?

सुतार : नाही. लावायची असती तर इतकी थांबली नसती ती.