मार्टिनच्या मुलीचं नाव

सौदीत, दम्माममध्ये आमच्या शेजारी मार्टिन राहतो, आमच्याच प्लांटवरचा जर्मन इंजिनिअर. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला, तसा तो जर्मन नावांचा कोश घेऊनच आमच्याकडे चहाला आला. म्हणाला, "मूल इथं तुमच्या पोरांतच खेळणार. एखादं नाव विचित्र वाटलं तर आत्ताच सांगा."

मुलांच्या नावांत पहिलंच निघालं 'काय', मग 'ऊवे', थेट डोक्यातल्या उवाच. मी आणि माझी बायको मीनल हसून बेजार. अर्थ सांगितल्यावर मार्टिनही हसला. मग त्यानं मुलीचं नाव वाचलं, "गुंडा."

मीनलला ठसकाच लागला. मी म्हणालो, "अरे, आमच्यात गुंडा म्हणजे मवाली. पोरगी शाळेत कुणाला तोंड दाखवणार?"

या वेळी तो हसला नाही. कोश मिटत म्हणाला, "माझ्या आईचं नाव आहे. गेल्या वर्षी गेली ती."

मीनल कप उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

पुढे मुलगी झाली आणि त्यांनी नाव गुंडाच ठेवलं. आम्ही बघायला गेलो तर मार्टिननं तिला माझ्या हातात दिलं. म्हणाला, "नावानं हाक मार ना."

माझ्या तोंडून "बाळ" एवढंच निघालं.