नाल्याकडची खोली

माझा जन्म खडकीचा, फॅक्टरीच्या क्वार्टरमधला. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, तिथं नियम म्हणजे नियम, खिशात काडेपेटी सापडली तर माणूस घरी, असं ते सांगायचे. मी दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काढली. लग्नानंतर आमच्या मालकांनी विश्रांतवाडीला दीड गुंठा घेतला, दोन खोल्या बांधल्या, मागं मोकळी जागा आणि जागेच्या पलीकडं नाला. मालक गेले. मग घरात मी, मुलगा सिद्धार्थ, सून आणि नातू.

आणि मग वैशाली परत आली, माझी मुलगी. नवऱ्यानं हात उचलला म्हणून आली. घर भावाचं, सून वाईट नाही हो, पण एका ओट्यावर दोन बायका, काय सांगू तुम्हाला. मी म्हटलं, मागच्या जागेत हिला एक खोली काढू, स्वतःचा ओटा, स्वतःचा संडास, स्वतःचं दार.

नकाशे काढणाऱ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी टेप लावून मोजलं आणि म्हणाले, आजी, मागचं अंतर मोकळं सोडावंच लागतं, शिवाय हा नाला आहे, त्याच्यापासून लांब राहायचं. ओटा आणि संडास घातला की ते वेगळं घर धरतात, इथं मंजुरी मिळणारच नाही. वर मजला चढवा, त्याचा नकाशा मी देतो. मी म्हटलं, दोन हात जागेनं काय होतंय? ते म्हणाले, जागा तुमची आहे आजी, पाणी तुमचं नाही. तेव्हा मला ते बोलणं आगाऊ वाटलं.

सिद्धार्थ म्हणाला, मजल्याचा खर्च झेपायचा नाही, आणि मागं कोण बघायला येतंय, सगळ्यांनीच बांधलंय. खरंच होतं, नाल्याला लागून ओळीनं खोल्या होत्या. आम्ही तर खोलीची मागची भिंत नाल्यातच उतरवली, दगडी, चांगली भक्कम. मीच म्हटलं भक्कम करा, मुलगी राहणार आहे.

नाल्याच्या पलीकडं पार्वतीबाई राहायच्या. कपडे वाळत घालताना आमच्या गप्पा व्हायच्या, नाल्यावरून. भिंत बघून त्या म्हणाल्या, अहो ताई, नाला निम्माच राहिला की. मी हसले. हसले मी.

दोन वर्षं काही झालं नाही. मग गणपती उठल्यावर एका दुपारी आभाळ फुटलं. पाणी तपकिरी, आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. वैशालीला मी ओढून पुढच्या घरात आणलं आणि भिंत पडायची वाट बघत उभी राहिले. भिंत पडली नाही. पाणी तिच्यावर आपटायचं आणि समोर वळायचं, आपटायचं आणि समोर वळायचं. समोर पार्वतीबाईंचे मालक अंथरुणाला खिळलेले. त्या हाका मारत होत्या, तोंड हलताना दिसत होतं मला. लोक पोचेपर्यंत पाणी पलंगाच्या वर गेलं होतं.

कुणी आम्हाला बोललं नाही. पार्वतीबाईसुद्धा नाही. वैशालीच म्हणाली, आई, मला त्या खोलीत जेवण जात नाही.

मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. म्हटलं, माझी खोली पाडा. टेबलावरचा माणूस म्हणाला, बाई, लोक इथे खोली वाचवायला येतात, आपण पाडायला आलात, बरं आहे, अर्ज ठेवून जा. सहा महिने कुणी आलं नाही. शेवटी मीच मजूर आणून खोली भिंतीसकट पाडली. सिद्धार्थ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. वैशाली आता धानोरीला भाड्यानं राहते, रविवारी येते.

नाल्याकडेच्या बाकीच्या खोल्या उभ्याच आहेत. मी सांगते तिथल्या लोकांना, पाडा म्हणून, ते हो आजी म्हणतात. आणि पार्वतीबाईंच्या मुलानं परवा त्यांच्या बाजूनं भिंत घातली, पुरुषभर उंच, माझ्या भिंतीपेक्षा भक्कम. सिद्धार्थ म्हणाला, आता पाणी आपल्याकडं वळणार, तक्रार कर. कुठल्या तोंडानं करू? सुनेला आणि नातवाला मी पावसाळाभर तिच्या माहेरी जा म्हटलंय. मी इथंच आहे. त्या बाईचं घर कोरडं राहू दे, एवढंच.