दादाच्या फोटोपुढचा दिवा

तुम्हाला सांगतो, दादा गेल्यावर पंधराच दिवसांत आमचं नेट बंद पडलं. ते लाइटच्या वायरीतूनच मागच्या खोलीत यायचं. पुढच्या अन् मागच्या, दोन्ही खोल्यांत प्लगला वायरीतून नेट नेणाऱ्या डब्या दादानेच लावल्या होत्या. दुपारी वहिनीची नोकरीची मुलाखत नेटवर होती अन् मोबाइलला टॉवर नव्हता. मी डबीला चार थापडा मारल्या, मग चामोर्शीहून मेकॅनिक बोलावला. त्याने दादाच्या फोटोपुढचा विजेचा लुकलुकता दिवा पाहिला.

"हाच वायरीत गडबड करून राह्यला. काढ याले."

मी त्याची कॉलरच धरली. "माह्या भावाचा दिवा काढतं काय?"

आईने गुपचूप दिव्याचा प्लग उपटला. नेट आलं.

"पाहून काय राह्यला?" ती मला म्हणाली. "नेट बंद ठेवलं असतं, तर त्यानं फोटोतूनई शिव्या देल्या असत्या."